तांब्यामुळे तांबड्या पेशी नेमक्या कशा फुटतात?

प्रश्न (पॅथॉलॉजी विद्यार्थी): मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) विषबाधेत तांबड्या पेशी फुटतात, विल्सनच्या आजारातही (शरीरात तांबं साठत जाणारा आनुवंशिक आजार) फुटतात, आणि दोन्हीकडे कूम्ब्स (तांबड्या पेशींवरच्या अँटिबॉडी शोधणारी चाचणी) निगेटिव्ह. मग तांबं पेशीत बिघडवतं काय? स्मिअरवर (काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थरात) हाइन्झ बॉडी (बिघडलेल्या हिमोग्लोबिनचे ठिपके) दिसल्या नाहीत तर तांब्याचा संशय सोडायचा का?

रक्तविकार: अँटिबॉडीचा इथे संबंधच नाही, म्हणून कूम्ब्स निगेटिव्ह. प्लाझ्मात मोकळं तांबं वाढलं की ते पेशीत शिरतं आणि सल्फहायड्रिल (गंधक असलेल्या) गटांना धरतं. पहिला बळी ग्लुटाथायोन, म्हणजे पेशीला ऑक्सिडेशनपासून वाचवणारा रेणू. ते पुन्हा तयार व्हायला एनएडीपीएच (इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू) लागतं, आणि ते पुरवणारं जी६पीडी एन्झाइमही तांबं दाबून टाकतं. म्हणजे एकीकडे ऑक्सिडेशन वाढतं, दुसरीकडे त्याला अडवणारी यंत्रणाच बंद पडते. हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहू न शकणारं रूप) होतं, ग्लोबिन गोठून पेशीच्या आवरणाला आतून चिकटतं (ह्याच हाइन्झ बॉडी). आवरणातली मेदद्रव्यंही ऑक्सिडाइज होतात, पेशी ताठर होते आणि रक्तवाहिनीतच फुटते. म्हणून लघवी गडद लाल-तपकिरी, हॅप्टोग्लोबिन (मोकळं हिमोग्लोबिन धरून ठेवणारं प्रथिन) कमी, एलडीएच (फुटलेल्या पेशींतून सुटणारं एन्झाइम) जास्त.

लॅब टेबल: संशय सोडू नका. लीशमन किंवा गीम्सा या नेहमीच्या रंगांवर हाइन्झ बॉडी दिसतच नाहीत. ताजं, फिक्स न केलेलं रक्त न्यू मेथिलीन ब्लू किंवा क्रिस्टल व्हायोलेटमध्ये मिसळून बघा: पेशीच्या कडेला चिकटलेले गोल ठिपके. शिवाय प्लीहा हे ठिपके उपटून काढते, मग साध्या स्मिअरवर कडेचा लचका तोडल्यासारख्या पेशी उरतात. त्या शोधा. २४ तासांची लघवी तांब्यासाठी पाठवताना डबा धातुमुक्त, आम्लाने धुतलेला हवा, नाहीतर आकडा फसवा येतो.

आयसीयू: एक भर. मेथहिमोग्लोबिन वाढलं की पल्स ऑक्सिमीटर ८५ टक्क्यांच्या आसपास अडकतो, त्यावर विसंबू नका, को-ऑक्सिमेट्री (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी चाचणी) करा. मेथहिमोग्लोबिनवरचं औषध असलेल्या मेथिलीन ब्लूचं काम एनएडीपीएचवरच चालतं, त्यामुळे तांब्याच्या विषबाधेत ते तोकडं पडू शकतं. जन्मजात जी६पीडी कमतरता असेल तर ते देणं धोक्याचं, हिमोलिसिस (पेशी फुटणं) उलट वाढतो.

पशुवैद्यक: मेंढ्यांत हे फार स्पष्ट दिसतं. यकृत कित्येक आठवडे, कधी महिने तांबं साठवत राहतं, जनावर वरून ठणठणीत. मग एखाद्या ताणाने साठा एकदम रक्तात सुटतो आणि दोन दिवसांत कावीळ, लाल लघवी, काळपट निळी मूत्रपिंडं. विल्सनच्या रुग्णात यकृतपेशी मरतात तेव्हाही साधारण असंच घडतं.

पॅथॉलॉजी विद्यार्थी: क्रिस्टल व्हायोलेटने आजच बघतो. सेरुलोप्लाझ्मिन (रक्तात तांबं वाहणारं प्रथिन, विल्सनमध्ये बहुधा कमी) नॉर्मल आलं आहे, त्यावरून विल्सन बाद करता येईल का?

रक्तविकार: नाही. ते दाहात वाढणारं प्रथिन आहे, तीव्र आजारात खोटं नॉर्मल दिसतं. अल्कलाइन फॉस्फटेज (यकृताच्या तपासणीतलं एक एन्झाइम) बघा. यकृत निकामी होत असताना, बिलिरुबिन चढलेलं असूनही ते कमी असेल, तर विल्सनचा संशय पक्का धरा.