रात्रीच्या रस्त्याला हजार लुमेनचा दिवा कशाला?

चाकोरीबाहेर (धागाकर्ता):
रात्री सायकल चालवणाऱ्यांत पुढच्या दिव्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "किती लुमेनचा?" चारशेवाला आठशेवाल्याकडे बघतो, आठशेवाला बाराशेवाल्याकडे. डांबरी रस्त्यापुरतं बोलायचं तर हा प्रश्न दुय्यम आहे, असं माझं मत.

लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. त्यातला रस्त्यावर किती पडला, झाडांच्या शेंड्यांवर किती गेला आणि समोरच्याच्या डोळ्यांत किती घुसला, हे तो आकडा सांगत नाही. एखाद्या जागी प्रत्यक्ष किती प्रकाश पोचतो ते लक्समध्ये मोजतात. सायकलचे म्हणून विकले जाणारे बरेचसे दिवे खरं तर टॉर्चच असतात. गोल झोत, मध्ये पांढराफटक ठिपका, आणि वरचा अर्धा भाग रस्त्याच्या काहीच कामाचा नाही.

वरून कापलेल्या झोताचा दिवा मोटारीच्या डिपरच्या तत्त्वावर चालतो. एका आडव्या रेषेच्या वर तो फारसं काही जाऊ देत नाही. रेषेखालचा प्रकाशही सरसकट पसरत नाही. लांबवर जास्त, चाकापुढे कमी. चाकापुढचा पट्टा भगभगीत झाला की डोळे त्याला सरावतात आणि पलीकडचा रस्ता आणखी काळा दिसतो, म्हणून ही वाटणी. जर्मनीत रस्त्यावरच्या सायकलला समोरच्याला न दिपवणाराच दिवा लागतो, लुकलुकणारा तर चालतच नाही.

तर माझा दावा: तीनशे-चारशे लुमेनचा कापलेल्या झोताचा दिवा डांबरी रस्त्यावर हजार लुमेनच्या टॉर्चला भारी पडतो. विरोधकांनी जरूर यावं.

निशाचर_गिअर:
आलो. सपाट, सरळ रस्त्यावर तुमचं सगळं खरं. पण रस्ता सपाट नि सरळ असतो कधी?

कापलेल्या झोताची अडचण वळणावर कळते. उतारावर वेगात डावं वळण घेताना हँडलबार जेमतेम वळतो, सायकल मात्र डावीकडे झुकते. तिच्याबरोबर ती कापलेली रेषाही झुकते आणि वळणाच्या आतली बाजू, म्हणजे नेमकं जिथे जायचं तीच बाजू, काळोखात जाते. उजेड बाहेरच्या बाजूला वर चढतो. काही मोटारसायकलींना वळणासाठी वेगळे दिवे देतात ते उगाच नाही.

दुसरं, खोलगट भाग. उतार संपून चढ सुरू होतो तिथे समोरचा रस्ता वर उठलेला असतो. कापलेला झोत तिथे जवळच आपटतो, पुढचं काही दिसत नाही. शिवाय डोक्याच्या उंचीवर आलेली फांदी? रेषेच्या वर प्रकाशच नाही म्हटल्यावर ती कपाळाला लागल्यावरच कळायची.

सावकाश_जा:
+१ निशाचर. फांदीचा मुद्दा बिनतोड.

ब्रेकशू:
मत देण्याआधी जरा आकडेमोड. ताशी ३० किमी म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. काहीतरी दिसलं, डोक्यात शिरलं आणि बोटं ब्रेकवर आवळली, याला दीड सेकंद धरला तर साडेबारा मीटर तसेच गेले. कोरड्या रस्त्यावर ब्रेक नीट लागले तर पुढे आणखी सात. एकूण सुमारे २० मीटर. आता उतारावरचा ४५ चा वेग घ्या. प्रतिक्रियेत १९, ब्रेकमध्ये १६, झाले ३५, आणि उताराने लांबणारं अंतर यात धरलेलंच नाही. ओला रस्ता असेल तर विचारूच नका.

म्हणजे ४५ ला किमान ४० मीटर पुढचं दिसायला हवं. आणि प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरतो. दहा मीटरवर जेवढे लक्स मिळतात, त्याच्या सोळाव्या हिश्श्यावर चाळीस मीटरला भागवावं लागतं. त्यात रस्त्यावर तो अगदी तिरपा पडतो, म्हणजे आणखी पातळ. तेव्हा दोघांनाही विचारतो, तुमचा दिवा चाळीस मीटरवर काय दाखवतो? २० च्या वेगाने जाणाऱ्याला दोनशे लुमेनही पुरतात. घाट उतरणाऱ्याला चारशे पुरतील असं मला वाटत नाही, झोत कितीही शहाणा असला तरी.

चाकोरीबाहेर:
@ब्रेकशू, हिशेब मान्य, पण तो माझ्याच बाजूचा आहे की. चाळीस मीटरवर प्रकाश पोचवायचा तर तो एकवटून तिकडेच पाठवायला हवा. हजार लुमेन गोल पसरवले तर लांब पोचेपर्यंत उरतात किती?

@निशाचर, वळणाचं मान्य. फांदीचं अर्धं मान्य, कारण कापलेल्या झोतातूनही थोडा उजेड वर सांडतो आणि परावर्तक पाट्या तेवढ्यावरही चमकतात. फांदी काही चमकत नाही, ते खरं.

वॅटमोज्या:
लुमेनवरून भांडण्याआधी खोक्यावरचा आकडा खरा आहे का ते बघा. आजचा एलईडी ढोबळमानाने वॅटला शंभर लुमेन देतो असं धरू. म्हणजे ८०० लुमेनला ८ वॅट. चांगला १८६५० सेल (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब, लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्यांत असायचा तो) ३४०० मिलिअँपियर-तास आणि ३.६ व्होल्टचा, म्हणजे सुमारे १२ वॅट-तास. ८ वॅटने खेचला तर दीड तास, तोही आतल्या सर्किटमधला तोटा सोडून. आता एका सेलच्या दिव्यावर कोणी "१०,००० लुमेन" छापलं असेल तर त्याला शंभर वॅट लागतील. बारा वॅट-तास सात मिनिटांत संपले, आणि त्या सात मिनिटांत दिव्याचं कवच हातात धरवणार नाही इतकं तापलं. विज्ञान सोडा, भागाकार पुरतो.

आणि "चालतो ३ तास" यावरही भुलू नका. टॉर्चसाठी एफएल-१ नावाचं मानक आहे. त्यात लुमेन मोजायला सुरुवात होते दिवा लावल्यावर ३० सेकंदांनी, आणि चालण्याचा वेळ धरतात प्रकाश सुरुवातीच्या १० टक्क्यांवर घसरेपर्यंत. म्हणजे हजारचा दिवा शेवटी शंभरवर रांगत असला तरी कागदोपत्री तो "चालू" आहे. मानक न पाळणारे काय मोजत असतील ते तेच जाणोत. घ्यायचाच असेल तर प्रकाश स्थिर ठेवणारा दिवा घ्या, ज्याच्या प्रत्येक मोडचा वेळ वेगळा दिलेला असेल. थंडीत बॅटरी आणखी लवकर मान टाकते, तेही हिशेबात धरा.

लुकलुक:
एवढं मोजूनमापून सगळे विसरताय की दिवा बघण्यासाठी असतो तसा दिसण्यासाठीही असतो. मोटारवाल्याला शंभर दिव्यांत तुमचा एक दिवा वेगळा कळायचा तर तो लुकलुकलाच पाहिजे. ब्रिटनमध्ये २००५ पासून लुकलुकता दिवा कायदेशीर आहे, मिनिटाला ६० ते २४० वेळा. जर्मनीचा दाखला द्यायचा तर हाही द्या.

चाकोरीबाहेर:
दिवसा लावा, संध्याकाळीही लावा, माझी ना नाही. पण काळ्या रात्री लुकलुकणारा एकटा दिवा किती लांब आहे आणि किती वेगाने येतोय, हे समोरच्याला ताडता येत नाही. नजर खेचली जाते, अंदाज मात्र येत नाही. शिवाय तुम्हाला स्वतःला रस्ता तुकड्यातुकड्यांत दिसतो. खड्डा नेमका दोन लुकलुकींच्या मध्ये आला की झालं.

लुकलुक:
म्हणून तर माझ्याकडे दोन आहेत. मोठा स्थिर, आणि खाली पुढचं चाक धरणाऱ्या फाट्यावर (फोर्कवर) एक छोटा, मंद लुकलुकणारा. अंदाज मोठ्यावरून घ्या, नजर छोटा खेचेल. यावर काय म्हणणं आहे?

मागचा_भिडू:
माझं म्हणणं आहे की ग्रुपमध्ये लुकलुकणारे माझ्या मागे येऊ नयेत. पुढच्याच्या पाठीवर आपलीच सावली नाचताना बघत तासभर चालवा, मग बोला.

खड्डेशास्त्री:
दिवा कुठे लावायचा यावर कोणीच बोललं नाही, आणि खरा खेळ तर तिथेच आहे. खड्डा आपल्याला दिसतो तो त्याच्या सावलीमुळे. दिवा डोळ्यांच्या बराच खाली असला, म्हणजे हँडलबारखाली किंवा फाट्याच्या डोक्याशी, तर प्रकाश सपाट जातो. खड्ड्याची अलीकडची कड आतल्या भागावर सावली टाकते, पलीकडची कड उजळते. काळा डाग आणि त्यामागे पांढरी कोर दिसली की समजा खड्डा. तोच दिवा हेल्मेटवर लावा. प्रकाश आणि नजर जवळजवळ एकाच रेषेत येतात, सावली वस्तूच्या आड लपते आणि खड्डा नि डांबराचं नवं ठिगळ एकसारखं दिसायला लागतं. खूप उजेड, पण सगळं चपटं.

पाण्याने भरलेला खड्डा मात्र दोघांनाही फसवतो. पाणी प्रकाश पुढे परतवतं, आपल्याकडे काही येत नाही, आणि तो गुळगुळीत काळ्या डांबरासारखा दिसतो. ओल्या रस्त्यावर दिवा मेल्यासारखा वाटतो तोही याच कारणाने. जो प्रकाश एरवी खडबडीत डांबरावरून आपल्याकडे परत यायचा, तो पुढे निघून जातो. आणि @चाकोरीबाहेर, तुमचा कापलेला झोत तेव्हा रस्त्यावरून उसळून समोरच्याच्या डोळ्यांतच जातो, हेही नोंदवा.

सावकाश_जा:
धुक्यासाठी पिवळा दिवा चांगला ना?

वॅटमोज्या:
रंगाने फारसा फरक पडत नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे, ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. धुक्यात दिवा खाली लावा आणि मंद ठेवा. हेल्मेटवरचा आधी बंद करा, नाहीतर नाकासमोर पांढरी भिंत उभी राहते.

डायनॅमोभक्त:
बॅटरी किती टिकणार याची चिंता ज्यांना आहे त्यांनी चाकाच्या हबमधला डायनॅमो बघावा. ६ व्होल्ट, ३ वॅट. चार्जिंग नाही, विसरणं नाही, आणि त्यावरचे बरेच दिवे कापलेल्या झोताचेच असतात.

ब्रेकशू:
आणि चढावर ताशी सातने निघालात की उजेडही तुमच्यासारखाच दमतो.

डायनॅमोभक्त:
सातच्या वेगाला ब्रेकिंगचं अंतर किती हो, हिशेबवाले?

निशाचर_गिअर:
@खड्डेशास्त्री, सावलीचं पटलं. तरी हेल्मेटवरचा सोडणार नाही, कारण वळणाच्या आत बघायला तोच एक आहे. मुख्य दिवा हँडलबारखाली, तोही कापलेल्या झोताचा घेईन फार तर. हेल्मेटवरचा फक्त वळणापुरता, समोर कोणी नसताना.

चाकोरीबाहेर:
हे चालेल. मग घेतल्यावर भिंतीसमोर लावून बघा. सायकल सपाट जागी भिंतीपासून पाच मीटरवर उभी करा, कोणाला तरी वर बसवा म्हणजे टायर दबतील. कापलेली रेषा दिव्याच्या उंचीपेक्षा बोटभर-दोन बोटं खाली हवी. गोल झोताचा असेल तर बराच जास्त वाकवा. दिवा मीटरभर उंच असेल आणि भिंतीवर ठिपक्याचा मध्य अर्ध्या मीटरवर आला, तर झोत रस्त्याला दहा मीटरवर टेकतो.

ब्रेकशू:
दहा मीटर! माझे वीस मीटर कुठे गेले?

चाकोरीबाहेर:
तेच तर सांगतोय पहिल्यापासून. समोरच्याला न दिपवता टॉर्च लावायची तर तिला एवढं खाली बघावं लागतं.

निशाचर_गिअर:
आणि समोर कुणीच नसलेल्या रस्त्यावर तिला वर बघू द्यायला काय हरकत आहे?

मागचा_भिडू:
हरकत एवढीच की समोरून कोणी आलं की खाली करायला अंगठा लागतो, आणि उतारावर तो ब्रेक सोडून मोकळा नसतो. हँडलबारवर बटण असलेला दिवा घ्या.