बाजार बदलला की समभागांची नोंदणी पुन्हा कशासाठी?

नोंदवही (धागाकर्ता)

अमेरिकेत ९ डिसेंबर २०२५ ला वॉलमार्टचा शेअर न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवरून नॅसडॅकवर गेला. १९७२ पासूनचं घर सुटलं म्हणून बातमीही मोठी झाली. त्याआधी पेप्सिको २०१७ मध्ये आणि हनीवेल २०२१ मध्ये याच दिशेने गेले होते. ओरॅकल २०१३ मध्ये उलटं, नॅसडॅकवरून न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजकडे गेलं. या स्थलांतरांमागच्या एका छोट्या कागदाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तो म्हणजे फॉर्म ८-ए, समभागांच्या नोंदणीचा अर्ज.

आधी पार्श्वभूमी, कारण इथे दोन शब्दांची नेहमी गल्लत होते. सूचीकरण म्हणजे लिस्टिंग हा कंपनी आणि एक्स्चेंज यांच्यातला करार. नोंदणी ही कायद्यातली गोष्ट, १९३४ च्या सिक्युरिटीज एक्स्चेंज ॲक्टमधली. त्याच्या कलम १२(ए) प्रमाणे राष्ट्रीय एक्स्चेंजवर रोख्याचे (यात समभागही आले) व्यवहार व्हायचे असतील तर त्या रोख्याची *त्या एक्स्चेंजसाठीची* नोंदणी अमलात असावी लागते. ती नोंदणी कलम १२(बी) खाली होते. म्हणून कंपनीने बाजार बदलला की तेच समभाग, तेच हक्क, तेच भागधारक असूनही नव्या एक्स्चेंजच्या नावाने ८-ए पुन्हा भरायचा.

माझं म्हणणं असं की नोंदणी समभागांची असावी, बाजारागणिक नसावी. ८-ए मध्ये मुख्य मजकूर असतो समभागांच्या वर्णनाचा: मतदानाचा हक्क, लाभांश, विसर्जनात वाटा वगैरे. २०१९ च्या सुधारणांनंतर हेच वर्णन वार्षिक १०-के अहवालाला जोडावं लागतं. म्हणजे ८-ए मध्ये कंपनी जवळपास "अमुक कागद पाहा" एवढंच लिहिते. गुंतवणूकदाराला त्यातून नवं काही कळत नाही. बाजार बदलल्याची सूचना फॉर्म ८-के (महत्त्वाच्या घडामोडी कळवायचा फॉर्म) मधून चार कामकाजी दिवसांत आलेलीच असते. मग पुन्हा नोंदणी कुणासाठी?

कलम१२

असहमत. धाग्याचं शीर्षकच थोडं चुकलंय. "पुन्हा" नोंदणी होत नाही, *दुसरी* नोंदणी होते. या दोन्हींत फरक आहे.

कलम १२(बी) ची भाषा बघा. कंपनी अर्ज करते तो एक्स्चेंजकडे, आणि त्याच्या प्रती आयोगाकडे (एसईसीकडे, म्हणजे अमेरिकी रोखेबाजाराच्या नियामकाकडे) जातात. १९३४ मध्ये कायदा लिहिणाऱ्यांनी नोंदणीचा पत्ताच एक्स्चेंज ठेवला होता. ८-ए भरला आणि काम झालं असं होत नाही. एक्स्चेंजला आयोगाकडे प्रमाणपत्र पाठवावं लागतं की आम्ही या रोख्याला सूचीकरण आणि नोंदणीसाठी मान्यता दिली आहे. फॉर्म आणि प्रमाणपत्र दोन्ही पोचले की नोंदणी अमलात येते. म्हणजे हा तिघांमधला दस्तऐवज आहे. नवा बाजार इथे पहिल्यांदा लेखी सांगतो की हा रोखा आता माझ्या देखरेखीखाली आहे.

तुम्ही म्हणता "गुंतवणूकदाराला नवं कळत नाही". मान्य. पण प्रत्येक कागद वाचकासाठी नसतो. काही कागद जबाबदारी कुणाची हे ठरवायला असतात.

पडद्यामागे

मी कंपनी सचिवाच्या कार्यालयात काम करते, या प्रकारची दोन स्थलांतरं जवळून पाहिली आहेत. त्या फॉर्मचा बोजा कुणी वाढवून सांगू नये. दोन-तीन पानं असतात. अवघड काम वेगळ्याच ठिकाणी असतं.

क्रम साधारण असा: संचालक मंडळाचा ठराव. जुन्या एक्स्चेंजला लेखी नोटीस, फॉर्म २५ (सूचीतून नाव काढण्याचा फॉर्म) भरण्याच्या किमान दहा दिवस आधी. प्रसिद्धिपत्रक, संकेतस्थळावर सूचना, ८-के. मग ठरल्या दिवशी संध्याकाळी जुन्या बाजारातला व्यवहार थांबतो आणि दुसऱ्या सकाळी घंटेला नव्या बाजारात सुरू होतो. त्या सकाळपर्यंत ८-ए अमलात आलेला नसेल तर नव्या बाजारात एकही शेअर विकता येत नाही. आदल्या संध्याकाळी आमच्या खोलीत सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे असतं: एक्स्चेंजचं प्रमाणपत्र गेलं का?

म्हणून माझं मत अर्धं-अर्धं आहे. कागद लहान आहे हे खरं. पण लहान कागदावर अब्जावधी डॉलरचा व्यवहार टांगून ठेवावा का, हा नोंदवहींचा प्रश्न मला पटतो.

नोंदवही

@कलम१२, "दुसरी नोंदणी" हा फरक मान्य. पण त्याने माझा मुद्दा बळकटच होतो. समभाग एकच असताना त्याच्या दोन नोंदण्या काही काळ एकाच वेळी जिवंत असतात! फॉर्म २५ भरल्यावर सूचीतून नाव निघायला दहा दिवस, आणि १२(बी) ची जुनी नोंदणी जायला नव्वद दिवस. म्हणजे कंपनीचा शेअर सकाळ-संध्याकाळ नॅसडॅकवर विकला जातोय आणि न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजसाठीची नोंदणी अजून कागदोपत्री श्वास घेतेय. वास्तवाशी न जुळणारी अवस्था कायद्याने मुद्दाम का जपावी?

आणि २००६ चं उदाहरण आठवा. त्याआधी नॅसडॅक कायद्याच्या दृष्टीने एक्स्चेंजच नव्हता. तिथल्या कंपन्यांची नोंदणी १२(जी) खाली, म्हणजे एक्स्चेंजवर नसलेल्या रोख्यांसाठीच्या कलमाखाली असायची. १ ऑगस्ट २००६ पासून नॅसडॅक एक्स्चेंज म्हणून काम करू लागला, तेव्हा सगळ्यांना १२(बी) खाली आणायचं होतं. प्रत्येक कंपनीने ८-ए भरला का? नाही. आयोगाने सूट दिली आणि नॅसडॅकने एकत्रितपणे ते काम केलं. जे इतक्या कंपन्यांसाठी एका फटक्यात करता आलं, ते एका कंपनीसाठी का नाही?

कलम१२

२००६ चा दाखला तुमच्या विरोधात जातो. तिथे कंपन्या हलल्या नव्हत्या, बाजाराचा कायदेशीर दर्जा बदलला होता. कंपनीने काहीच निर्णय घेतला नसताना तिच्याकडून फॉर्म मागणं अन्यायाचं ठरलं असतं, म्हणून सूट. तरीही *नोंदणी वगळली नाही*. नोंदणी झाली, फक्त अर्जदार बदलला. उलट यातून एवढंच दिसतं की १२(बी) शिवाय एक्स्चेंजवर व्यवहार नाही, हे तत्त्व एवढ्या मोठ्या बदलातही सोडलं नाही.

नव्वद दिवसांबद्दल. जुन्या एक्स्चेंजसाठीची नोंदणी वेगळी आहे म्हणूनच ती मारताना नव्या नोंदणीला धक्का लागत नाही. एकच सामाईक नोंदणी असती तर फॉर्म २५ ने नेमकं काय रद्द झालं असतं? तिमाही अहवाल देण्याचं कर्तव्य नोंदणीला बांधलेलं आहे. दोन स्वतंत्र दोऱ्या आहेत म्हणून एक कापली तरी दुसरी ताणलेली राहते. एकाच दोरीला दोन बाजार बांधायचे आणि एक सोडवताना दोरी तुटणार नाही अशी आशा ठेवायची, हा धोका मी घेणार नाही.

शंकेखोर

@कलम१२ दोरी तुटली तरी खाली जाळं आहे ना? नियम १२जी-२ प्रमाणे १२(बी) ची नोंदणी संपली आणि नोंदणीकृत भागधारक ३०० पेक्षा कमी नसतील, तर तो वर्ग आपोआप १२(जी) खाली नोंदलेला मानला जातो (सूट लागू नसेल तर). वॉलमार्टसारख्या कंपनीचं अहवाल-कर्तव्य कधीच गळून पडणार नाही. तेव्हा "धोका" जरा कमी लेखा.

जुना भागधारक

सगळी चर्चा वॉलमार्ट आणि पेप्सिकोवर चाललीय. माझं म्हणणं छोट्या कंपन्यांबद्दल, आणि तिथे मी ८-ए च्या ठाम बाजूने आहे.

ओटीसी (एक्स्चेंजबाहेरच्या) बाजारातून एक्स्चेंजवर चढणाऱ्या कंपन्यांपैकी काहींची कलम १२ खाली नोंदणीच नसते. कधीतरी १९३३ च्या कायद्याखाली विक्रीसाठी नोंदणी केलेली असते, त्यामुळे कलम १५(डी) खाली त्या अहवाल देतात, बस्स. अशा कंपनीला प्रॉक्सीचे, म्हणजे सभेसाठी भागधारकांची मतं मागताना द्यायच्या माहितीपत्रकाचे, नियम लागू नसतात. पाच टक्क्यांहून जास्त शेअर गोळा करणाऱ्याने १३(डी) खाली जाहीर करायचं, ते लागू नसतं. संचालकांनी आपल्या खरेदी-विक्रीची माहिती द्यायची आणि सहा महिन्यांच्या आत झालेला झटपट नफा कंपनीला परत करायचा, ते कलम १६ लागू नसतं. ८-ए अमलात आला की हे सगळं एका दिवसात लागू होतं.

हा माझा अनुभव आहे. मी ज्या छोट्या कंपनीचे शेअर वर्षानुवर्षं धरून होतो, ती ओटीसीवरून एक्स्चेंजवर गेली. त्यापूर्वी व्यवस्थापनातले लोक शेअर विकताहेत की घेताहेत, आम्हाला कळायचा मार्गच नव्हता. भागधारकांच्या सभेची कागदपत्रं यायची ती चार ओळींची. नोंदणीनंतर पहिल्यांदा मानधनाचा पूर्ण तक्ता माझ्या हातात आला. मी तो दोनदा वाचला. तेव्हा "तेच समभाग, तेच हक्क" हे वाक्य छोट्या कंपनीबाबत खरं नाही. कागदावर समभाग तेच असतात, पण भागधारकाच्या हातात येणारी माहिती पूर्ण बदलते.

पडद्यामागे

@जुना भागधारक यांना जोड देते. अशाच एका स्थलांतरात संचालकांचे फॉर्म ३ (स्वतःकडच्या शेअरची पहिली माहिती, कलम १६ खालची) भरायचे राहिले. पहिल्या नोंदणीच्या बाबतीत ते नोंदणी अमलात येण्याच्या दिवसापर्यंत आयोगाकडे पोचावे लागतात, दहा दिवसांची सवलत तिथे नसते. सगळ्यांचं लक्ष शेअरच्या नव्या चिन्हाकडे (टिकर) आणि घंटा वाजवण्याच्या कार्यक्रमाकडे होतं. पुढच्या प्रॉक्सीमध्ये ज्यांचे फॉर्म उशिरा आले त्यांची नावं छापावी लागली. एका ज्येष्ठ संचालकांना ते फार लागलं, आणि चूक त्यांची नव्हतीच, आमची होती. तेव्हापासून मी ८-ए च्या तारखेभोवतीची यादी स्वतः बनवते.

नोंदवही

@जुना भागधारक, तुमचा प्रतिसाद वाचून मला माझं म्हणणं आवरतं घ्यावं लागतंय. १५(डी) वरून १२(बी) वर येणारी कंपनी खरोखर नव्या जगात येते. तिथे पूर्ण नोंदणी हवीच, आणि फॉर्म ३ सारख्या गोष्टींसाठी ठळक तारीखही हवी. मी शीर्षक लिहिताना फक्त मोठ्या कंपन्यांचा विचार केला होता.

पण १२(बी) वरून १२(बी) वर जाणाऱ्या कंपनीबाबत मी ठाम आहे. तिच्यावर कलम १३, १४, १६ (अहवाल, प्रॉक्सी, संचालकांचे व्यवहार) सगळं आधीच लागू आहे. तिथे एक्स्चेंजचं प्रमाणपत्र पुरेसं मानावं, कंपनीच्या सहीचा ८-ए नको. @कलम१२ यांची जबाबदारीची चिंता प्रमाणपत्रातच भागते, कारण लेखी हमी देणारा बाजारच आहे.

कलम१२

इथे आपण जवळ आलो आहोत, पण एक गोष्ट सुटते. ८-ए वर कंपनीची सही असते, आणि आयोगाकडे भरलेल्या कागदात दिशाभूल करणारं विधान असेल तर कलम १८ खाली जबाबदारी येते. समभागांचं वर्णन जुन्या कागदावरून उचललेलं असलं तरी त्या दिवशी ते खरं आहे, हे कंपनी नव्याने म्हणते. मध्ये कंपनीची सनद बदललेली असू शकते, दुहेरी मतदानाचे वर्ग आलेले असू शकतात. वर्षातून एकदाच्या १०-के वर विसंबलं तर स्थलांतराच्या दिवशीचं वर्णन अकरा महिने जुनं असू शकतं.

शंकेखोर

अवांतर: एकेकाळी न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंज सोडणं किती कठीण होतं हे नव्या लोकांना ठाऊक नसेल. त्यांच्या नियम ५०० खाली भागधारकांच्या दोन-तृतीयांश मतांची मंजुरी लागायची. १९९७ मध्ये तो सैल झाला, पुढे आणखी. आज बोर्डाचा ठराव पुरतो. त्या मानाने आता कंपनीच्या मार्गात उरलेला ८-ए हा अगदीच हलका उंबरठा आहे. मला तर वाटतं, भागधारकांना विचारायची पद्धत गेली याबद्दल वाद व्हायला हवा होता.

जुना भागधारक

@शंकेखोर हे अवांतर नाही, हाच खरा मुद्दा आहे. स्थलांतराची कारणं बघा. नॅसडॅक-१०० निर्देशांकात यायचं तर नॅसडॅकवरच सूचीकरण लागतं. पॅलँटिर नोव्हेंबर २०२४ मध्ये हलली आणि डिसेंबरमध्ये त्या निर्देशांकात आली. याचा भागधारकाला फायदा होऊ शकतो, मी नाकारत नाही. पण निर्णय कुणी घेतला आणि का, हे सांगणारा मजकूर ८-ए मध्ये एका ओळीचाही नसतो. नोंदवही, तुम्ही हा फॉर्म काढा म्हणता. मी म्हणतो, त्यात एक परिच्छेद वाढवा: कंपनी बाजार का बदलते आहे, खर्च किती, आणि सूचीकरणाच्या नियमांत भागधारकांच्या दृष्टीने काय फरक पडेल.

पडद्यामागे

असा परिच्छेद लिहायला मला एक दुपार पुरेल. ही माहिती संचालक मंडळाच्या ठरावाच्या टिपणीत तयारच असते. ती तिथून बाहेर येत नाही, एवढंच.

नोंदवही

@जुना भागधारक, तो परिच्छेद असेल तर माझी हरकत उरत नाही. मग तो कागद वाचण्यासारखा होईल. पण तो ८-ए मध्ये का? चार दिवसांत येणाऱ्या ८-के मध्ये टाका. भागधारकाला कारण स्थलांतराच्या आधी कळायला हवं, सकाळच्या घंटेच्या आदल्या संध्याकाळी कळून उपयोग नाही.

कलम१२

८-के मध्ये असायला माझी ना नाही. फक्त ८-ए काढू नका. हे दोन कागद दोन वेगळी कामं करतात, आणि धाग्याच्या सुरुवातीपासून मी एवढंच सांगतोय.