अनुभव धागा : शिआन शहरात आपण काय पाहिले?

चीनच्या सहलींमध्ये शिआनच्या वाट्याला साधारणपणे एखादा दिवस येतो आणि तो पहिल्या सम्राटाच्या समाधीजवळ पुरलेल्या मातीच्या सैनिकांमध्येच संपतो. शान्शी प्रांताची ही राजधानी म्हणजे पूर्वीचे छांगआन. थांग राजवटीत (इ.स. ६१८ ते ९०७) चीनचा कारभार येथून चाले आणि रेशीम मार्गावरचे तांडे येथूनच पश्चिमेकडे निघत. ह्युएनत्संग भारताकडे निघाला तो याच शहरातून, आणि परतला तोही येथेच. ज्यांनी हे शहर सवडीने पाहिले आहे, त्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत ही विनंती. स्थळांची नुसती यादी नको. तेथे काय दिसले, काय खाल्ले आणि पुढे जाणाऱ्याने काय ध्यानात ठेवावे, हे वाचायला आवडेल.

नाशिक, इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका

वर्गात मी वर्षानुवर्षे ह्युएनत्संग शिकवला. त्यामुळे शिआनमध्ये मला सर्वांत आधी पाहायचा होता तो मोठा हंस पॅगोडा. भारतातून ६५७ संस्कृत ग्रंथ घेऊन तो इ.स. ६४५ मध्ये परतला आणि ते ग्रंथ नीट राहावेत म्हणून ६५२ मध्ये त्याच्या पुढाकाराने हा मनोरा उभा राहिला. पुढे सम्राज्ञी वू हिच्या काळात, ७०४ मध्ये, त्याची पुनर्बांधणी झाली. आज दिसणारी विटांची वास्तू सात मजली, सुमारे ६४ मीटर उंच आणि किंचित कललेली आहे. आतल्या लाकडी जिन्याने वर गेले की प्रत्येक मजल्यावर चारही दिशांना कमानदार खिडक्या येतात आणि सरळ रेषेत आखलेले रस्ते दूरवर दिसतात.

तरी माझा सल्ला असा की चढण्याची घाई करू नये. तळाशी, दक्षिण दाराच्या दोन्ही बाजूंना, दोन शिलालेख बसवलेले आहेत. ह्युएनत्संगाच्या भाषांतरकार्यासाठी थांग सम्राट थायत्सुंग आणि त्याचा पुत्र यांनी लिहिलेले हे मजकूर ६५३ मध्ये छू स्वेल्यांग या ख्यातनाम सुलेखनकाराच्या अक्षरांत कोरले गेले. बहुसंख्य पर्यटक त्यांच्याकडे न पाहताच पुढे जातात, याचे मला फार वाईट वाटले. ज्या प्रवाशाने महाराष्ट्रात येऊन दुसऱ्या पुलकेशीच्या राज्याचे वर्णन केले, येथील लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानाचा सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत असे लिहून ठेवले, त्याच्या आयुष्यभराच्या कामाची राजाने घेतलेली ही नोंद आहे. मराठी माणसाने तेथे थोडा वेळ उभे राहावे, असे मला मनापासून वाटते.

मनोऱ्याच्या दक्षिणेकडील चौकात ह्युएनत्संगाचा उभा पुतळा आहे. उत्तरेकडील चौकात संध्याकाळी संगीत कारंजे चालते. ते पाहायला तिकीट लागत नाही. गर्दी मात्र भरपूर असते.

पिंपरी-चिंचवड, यंत्र अभियंता

मातीच्या सैनिकांविषयी सगळ्यांनी वाचलेले असते, म्हणून मी केवळ कारागिराच्या नजरेने जे दिसले ते लिहितो. १९७४ मध्ये लिंतुंग भागात विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना हे अवशेष सापडले. येथे सुमारे आठ हजार मूर्ती असाव्यात असा अंदाज आहे. पहिला खड्डा सुमारे २३० मीटर लांब आणि ६२ मीटर रुंद आहे. पुढच्या रांगांसमोर छायाचित्रांसाठी रेटारेटी चालते. पण सरळ मागच्या भागाकडे चालत जावे. तेथे तुकडे जुळवून मूर्ती पुन्हा उभ्या करण्याचे काम चालते आणि अर्धवट जुळलेले, बिनडोक्याचे, आधार देऊन उभे केलेले सैनिक पाहायला मिळतात. या मूर्ती कशा घडल्या ते खरे तेथेच कळते. पाय भरीव, धड पोकळ, डोके आणि हात वेगळे घडवून नंतर बसवलेले. कित्येक मूर्तींवर कारागिराचे किंवा त्याच्या मुकादमाचे नाव कोरलेले आढळले आहे, म्हणजे काम सदोष निघाल्यास जाब कोणाला विचारायचा हे ठरलेले होते. बावीसशे वर्षांपूर्वी सुट्या भागांची घडण आणि दर्जाची जबाबदारी या दोन्ही गोष्टी इतक्या नेटाने पाळल्या गेल्या, हे पाहून मी थक्क झालो.

मूर्ती मुळात रंगवलेल्या होत्या. मातीखालून बाहेर येताच कोरड्या हवेत रंगाखालचा लाखेचा थर काही मिनिटांत सुकून सुटू लागतो. उत्खनन सावकाश करण्यामागे हे एक मोठे कारण आहे. त्या पहिल्या सम्राटाची, छिन श हुआंगची, मुख्य समाधी तर अजून उघडलेलीच नाही. १९८० मध्ये सापडलेले अर्ध्या आकाराचे दोन कांस्यरथ आता समाधीच्या परिसरातील स्वतंत्र संग्रहालयात आहेत. ते चुकवू नयेत. लगामाच्या कड्या आणि छत्रीची जोडणी पाहण्यातच माझा बराच वेळ गेला.

ठाणे, महाविद्यालयीन विद्यार्थिनी

मी तटबंदीवरून सायकल चालवली. मिंग राजवटीच्या काळातील (इ.स. १३६८ ते १६४४) हा तट १३.७ किलोमीटरचा असून जुन्या शहराभोवती अखंड फिरतो. उंची १२ मीटर, आणि वरची रुंदी एवढी की सायकली, चालणारे आणि पळणारे सगळे सुखाने मावतात. सायकली वरच भाड्याने मिळतात, अनामत ठेवावी लागते. वाट विटांची असल्याने हादरे बसतात. उन्हाळ्यात दुपारी सावली अजिबात नसते, तेव्हा सूर्य कलल्यावर दक्षिण दरवाजाने वर जावे. खाली खंदकाच्या कडेने बाग आहे. सकाळी तेथे वृद्ध मंडळी वाद्ये घेऊन जमतात आणि छिनछ्यांग या स्थानिक संगीतनाटकातील पदे अगदी खड्या आवाजात गातात. ऐकायला थांबले की बसायला जागा करून देतात.

सांगली, व्यापारी

आमच्या घरी मी मांसाहारी आणि पत्नी शाकाहारी, त्यामुळे दोन्ही बाजूंचे लिहू शकतो. ढोल मनोऱ्यामागे ह्वे या चिनी मुस्लिमांची जुनी वस्ती आहे. तेथे यांगरौ फाओमो हा पदार्थ खावा. आधी समोर जाडसर कोरडी रोटी आणि रिकामा वाडगा येतो. रोटी आपल्याच हातांनी अगदी बारीक, हरभऱ्याच्या दाण्याएवढी कुस्करायची. मग तो वाडगा आत जातो आणि मटणाच्या रश्शात शिजून, शेवयांसह परत येतो. सोबत गोडसर मुरवलेला लसूण आणि मिरचीचा ठेचा असतो. शेजारच्या टेबलावरील आजोबा गप्पा मारत निवांत रोटी मोडत होते; आमचे तुकडे मोठे पाहून त्यांनी स्वतःचा वाडगा पुढे करून नमुना दाखवला.

शाकाहारी माणसाने ल्यांगफी मागावे. थंड, रुंद शेवया, वर काकडी, मोड आलेले मूग, व्हिनेगर आणि तिखट तेल. "वो छ सू" एवढे म्हटले तरी शाकाहार कळतो. मात्र अंडे आणि मांसाचा रस्सा नको, हे चिनी लिपीत लिहून जवळ ठेवणे अधिक बरे. लिंतुंगच्या पर्सिमन या तांबड्या फळांपासून केलेले तळलेले गोड वडेही पत्नीला आवडले.

त्याच वस्तीत मोठी मशीद आहे. परंपरेनुसार तिची स्थापना इ.स. ७४२ ची, तर आजच्या वास्तू मुख्यतः मिंग काळापासूनच्या आहेत. एकामागून एक चौक, लाकडी कमानी, निळसर कौले, आणि मिनाराच्या जागी अष्टकोनी चिनी मनोरा. बाहेरच्या बाजाराच्या कोलाहलानंतर तेथील शांतता फार सुखद वाटते. प्रार्थनागृहात इतरांना प्रवेश नाही. तो नियम आदराने पाळावा.

पुणे, शिलालेखांच्या अभ्यासक

शिलालेखांची गोडी असणाऱ्याने बेइलिन संग्रहालयासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. १०८७ पासून येथे कोरीव शिळा जतन केल्या आहेत. ८३७ मध्ये पूर्ण झालेले कन्फ्यूशियसपरंपरेचे ग्रंथ ११४ शिळांवर दोन्ही बाजूंनी कोरलेले असून, हस्तलिखितांत चुका शिरू नयेत म्हणून प्रमाण पाठ दगडात बांधण्याची ती योजना होती. ७८१ ची एक शिळा चीनमध्ये आलेल्या ख्रिस्ती पंथाची हकीकत सांगते आणि तिच्यावर चिनी अक्षरांबरोबर पश्चिम आशियातील सिरियाक लिपीही आहे.

आम्ही लेखांचे ठसे घेतो तसेच येथेही घेतात. ओला कागद शिळेवर बसवून ब्रशने ठोकायचा आणि वाळत आला की शाईच्या बोळ्याने हलके थोपटायचे. एक कारागीर हे काम करताना पाहायला मिळाला. कागद अक्षरांच्या खोबणीत पूर्ण बसेपर्यंत तो शाईला हात लावत नव्हता. हाताचा तो संयम आमच्या नव्या विद्यार्थ्यांनी पाहावा, अशी फार इच्छा झाली.

शिआन, सध्या तेथेच नोकरीनिमित्त वास्तव्य

वरील अनुभवांना काही व्यावहारिक जोड देतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात राष्ट्रीय सुट्टी असते. ते दिवस टाळावेत. त्यानंतरचा शरद ऋतू आणि एप्रिल उत्तम. शान्शी इतिहास संग्रहालयाचे आरक्षण पासपोर्टच्या क्रमांकावर आधी करावे लागते. पैसे बहुतेक ठिकाणी अलीपे किंवा वीचॅट या मोबाइल ॲपने दिले जातात, तेव्हा निघण्यापूर्वीच त्यांना आपले कार्ड जोडून ठेवावे.

शिवाय एक ठिकाण कोणी लिहिले नाही, ते म्हणजे ताशिंगशान मंदिर. शुभकरसिंह, वज्रबोधी आणि अमोघवज्र या आचार्यांशी जोडलेले, थांग काळातील वज्रयानी बौद्ध परंपरेचे हे केंद्र. भारतीय पंतप्रधान मे २०१५ मध्ये शिआनला आले तेव्हा तेथेही गेले होते. मेट्रोच्या श्याओचाय स्थानकापासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि इतिहास संग्रहालयही त्याच स्थानकाजवळ असल्याने दोन्ही एका सकाळी सहज होतात.