अझीझ शहादे: लोझान परिषद आणि बँकेत अडकलेल्या ठेवी, वीस मिनिटांत कसं बसवावं?

जरीपटका_ज्युनियर:
नागपुरात विधीच्या अभ्यासगटापुढे वीस मिनिटं बोलायचं आहे. विषय पॅलेस्टाईनमधल्या रामल्लाचे वकील अझीझ शहादे. दोन ठिकाणी गाडी अडते. १९४९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या शांतता परिषदेला ते नेमके कोणाच्या वतीने गेले? मी 'पॅलेस्टाईनचे प्रतिनिधी' असं लिहिलंय. आणि निर्वासितांच्या इस्राएलमध्ये अडकलेल्या ठेवींसाठी ते बार्कलेज या ब्रिटिश बँकेविरुद्ध जिंकले असं सगळीकडे म्हणतात, पण लंडनचा १९५४ चा निकाल तर बँकेच्या बाजूने आहे. खरं काय?

धंतोली_बार:
'पॅलेस्टाईनचे प्रतिनिधी' हे शब्द आधी खोडा. शहादे जाफा या बंदराच्या शहरात वकिली करत. १९४८ च्या अरब-इस्राएल युद्धात कुटुंबासह रामल्लाला आले ते निर्वासित म्हणूनच. तिथे १९४९ मध्ये निर्वासितांची परिषद भरली आणि तिने आपलं शिष्टमंडळ लोझानला पाठवलं. मुहम्मद निम्र अल-हवारी, शहादे आणि याह्या हम्मूदा ही त्यातली ठळक नावं. हम्मूदा पुढे १९६७ च्या अखेरीस पीएलओचे (पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेचे) अध्यक्ष झाले, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात राहत नाही.

अडचण अशी की परिषद राष्ट्रांची होती. अमेरिका, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांचा संयुक्त राष्ट्रांनी नेमलेला सलोखा आयोग मध्ये, एका बाजूला इस्राएल, दुसऱ्या बाजूला इजिप्त, जॉर्डन, लेबनॉन, सीरिया. निर्वासितांना पक्षकार म्हणून खुर्चीच नव्हती. आयोग त्यांचं म्हणणं ऐकून घेई, एवढंच. अरब सरकारांनाही आपल्या नावाने दुसरं कोणी बोललेलं नको होतं. वकिली भाषेत सांगायचं तर ज्याची जमीन गेली तोच दाव्यात पक्षकार नाही.

मागणीचा आधार संयुक्त राष्ट्रांचा ठराव १९४, परिच्छेद ११ (११ डिसेंबर १९४८): परतू इच्छिणाऱ्याला परतू द्यावं, न परतणाऱ्याला मालमत्तेची भरपाई. निर्वासित सात लाखांवर होते, इस्राएलने एक लाखाची तयारी दाखवली, तीही अटी घालून. २७ एप्रिलला सुरू झालेली परिषद १२ सप्टेंबरला काही हाती न लागता आटोपली.

सदर_अपील:
बँकेच्या भागाला निम्मा वेळ द्या, खरा कस तिथे आहे. दोन वेगळे दावे एकत्र कालवले की घोळ होतो.

लंडनच्या खटल्यात वादी निर्वासित नव्हताच. अरब बँकेने बार्कलेजवर दावा लावला होता. तिचं चालू खातं जेरुसलेमच्या ॲलनबी चौकातल्या शाखेत होतं. मे १९४८ मध्ये लढाई पेटली, शाखा बंद झाली आणि तो भाग इस्राएलकडे गेला. अरब बँकेचं म्हणणं: युद्धाने करारच संपला, तेव्हा पैसे लंडनला परत करा. हाऊस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं ब्रिटनचं सर्वोच्च अपील न्यायालय) सांगितलं, आधीच देय झालेलं कर्ज युद्धाने मरत नाही, फक्त थांबतं. खात्यातली शिल्लक म्हणजे बँकेने खातेदाराला देणं असलेलं कर्जच. आणि चालू खात्याचं कर्ज खातं असलेल्या शाखेच्या जागी असतं. जागा इस्राएलमध्ये, म्हणजे तिथला गैरहजरांच्या मालमत्तेचा कायदा लागू, म्हणजे रक्कम कस्टोडियनची, गैरहजरांची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याची. बँक सुटली.

शहादेंनी ठेवी अडकलेल्या सामान्य निर्वासित खातेदारांच्या वतीने दावा लावला तो जॉर्डनच्या न्यायालयांत, आणि तिथे ते जिंकले. बार्कलेजचा कारभार जॉर्डनमध्येही चालू होता हे विसरू नका. ज्याच्यावर हुकूमनामा बजावता येतो असा प्रतिवादी आवाक्यात असला, तरच असल्या दाव्यात दम राहतो. पोरांना फळ्यावर एकच प्रश्न लिहून द्या: कर्ज राहतं कुठे?

तिसरा धागा राजकीय आहे, तो न्यायालयाच्या नावावर टाकू नका. सलोखा आयोगाच्या मध्यस्थीने इस्राएलने १९५२ मध्ये दहा लाख पौंडांपर्यंतच्या ठेवी मोकळ्या करायचं मान्य केलं, पुढे उरलेल्याही. ठेवी सुटल्या. घरं आणि जमिनी नाहीत.

जरीपटका_ज्युनियर:
सर, 'कस्टोडियन' म्हणजे आपल्याकडे फाळणीनंतर होता तोच प्रकार का? इथे जरीपटक्यातल्या सिंधी घरांत हा शब्द ऐकू येतो.

सदर_अपील:
नाव तेच, सालही तेच. आपला निष्क्रांत (देश सोडून गेलेल्यांच्या) मालमत्तेचा कायदा १९५० चा, त्यांचाही १९५० चा. पण उपमा अर्ध्या वाटेवर सोडा. आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने निष्क्रांतांची मालमत्ता भरपाईच्या निधीत घेतली आणि ती सिंध-पंजाबातून आलेल्यांच्या दाव्यांपोटी वापरली. जाफा सोडून आलेल्याला रामल्लात असं कोणतंच खातं उघडलेलं नव्हतं. त्याची मिळकत कस्टोडियनकडे गेली, दावा मात्र हवेत राहिला. जरीपटक्यात हा फरक न सांगता नुसती तुलना केलीत तर पहिला प्रश्न त्यावरच येईल बघा.

बर्डी_वाचक:
शेवटच्या पाच मिनिटांसाठी: १९६७ च्या युद्धानंतर लगेच, इस्राएलशेजारी स्वतंत्र पॅलेस्टिनी राज्य असावं असा प्रस्ताव मांडणाऱ्यांत शहादे पुढे होते. तेव्हा हे बोलणं म्हणजे दोन्हीकडून शिव्या. २ डिसेंबर १९८५ ला रामल्लात घराजवळ त्यांना भोसकून मारलं आणि खुनी कधीच न्यायालयापुढे आला नाही. म्हणून मारेकऱ्याबद्दल ठाम वाक्य टाकू नका.

आणखी एक चूक सर्रास होते. 'अल-हक' ही मानवी हक्क संस्था (१९७९) अझीझ यांची नव्हे, ती स्थापणाऱ्यांत त्यांचा मुलगा राजा होता. बापलेक दोघंही वकील, म्हणून गल्लत होते. आणि 'राजा' हे नावच आहे हो, पदवी नाही. सूत्रसंचालकाला आधीच सांगून ठेवा.