मदत हवी आहे: बिलिंगच्या कॉम्प्युटरला प्रिंटर सापडत नाही, सबनेट मास्कमुळे?

मांद्रेला मामांचं गेस्ट हाऊस आहे. रिसेप्शनवर राउटर, त्याला साधा स्विच, स्विचवर बिलिंगचा कॉम्प्युटर आणि प्रिंटर. पाहुण्यांचे फोन त्याच राउटरच्या वायफायवर.

पाहुण्यांपासून बिलिंग वेगळं राहावं म्हणून तंत्रज्ञाने कॉम्प्युटरला १९२.१६८.१.२० हा पत्ता आणि २५५.२५५.२५५.१९२ हा मास्क दिला. या मशीनला इंटरनेट नको, म्हणून गेटवे (दुसऱ्या नेटवर्ककडे जायची वाट, म्हणजे राउटरचा पत्ता) रिकामा ठेवलाय. तेव्हापासून प्रिंट बंद. पिंग केलं (प्रिंटर उत्तर देतो का ते तपासलं) की 'जनरल फेल्युअर'. प्रिंटर १९२.१६८.१.७० वर, मास्क २५५.२५५.२५५.०. माझ्या फोनला १९२.१६८.१.९० मिळालाय, त्यावरून प्रिंट व्यवस्थित निघते. मामा सध्या हाताने बिलं लिहून देताहेत आणि सीझन तोंडावर आलाय.

मास्कमध्ये शेवटी पुन्हा ० टाकला तर प्रिंट निघेल, पण मग वेगळेपणाचं काय? १९२ मुळे नेमकं काय बिघडलं तेही कृपया समजावून सांगा.

डिचोलीकर:
पत्ता ३२ बिटांचा. मास्कमध्ये जिथे १ तो भाग नेटवर्कचा, जिथे ० तो मशीनचा. १९२ म्हणजे ११००००००. शेवटच्या आकड्यातले पहिले दोन बिट नेटवर्ककडे गेले, म्हणून २५६ पत्त्यांचे चार तुकडे पडले: ०–६३, ६४–१२७, १२८–१९१, १९२–२५५. प्रत्येकातला पहिला पत्ता नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणजे सगळ्यांना एकदम निरोप द्यायचा. वापरायला उरतात ६२.

आता २० म्हणजे ०००१०१००, पहिले दोन बिट ००. ७० म्हणजे ०१०००११०, पहिले दोन ०१. कॉम्प्युटरच्या लेखी प्रिंटर दुसऱ्या वाड्यावर राहतो. तिकडे गेटवेवरूनच जायचं आणि गेटवे तर रिकामा. त्यामुळे पॅकेट मशीनमधून बाहेरच पडत नाही. तुमचा फोन चालतो कारण राउटरने त्याला २५५.२५५.२५५.० दिला असणार. त्याला २५६ पत्ते एकाच वाड्याचे.

आजच्या आज प्रिंटरला १९२.१६८.१.३० द्या. राउटरच्या डीएचसीपीची (आपोआप पत्ते वाटणारी सोय) सुरुवात १०० पासून करा, म्हणजे तोच पत्ता कुणा फोनला जाणार नाही.

म्हापश्याचा वायरमन:
वरचं उत्तर बरोबर आहे, पण महत्त्वाची गोष्ट राहिली. मास्क ही भिंत नव्हे. प्रत्येक मशीन तो स्वतःपुरता वाचतं. एखाद्या पाहुण्याने फोनमध्ये हाताने १९२.१६८.१.४५ टाकला की तो थेट बिलिंगशी बोलेल, कारण तार आणि स्विच एकच.

एका रेंजचे तुकडे करायची गरजही नाही. खाजगी वापरासाठी १९९४ पासून १९२.१६८ ची अख्खी रांग राखून ठेवलेली आहे, ६५,५३६ पत्ते. पाहुण्यांना १९२.१६८.२ ची वेगळी रेंज द्या. राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असेल तर तेच चालू करा. नसेल तर व्हीएलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्क) जमणारा स्विच आणि राउटर लागेल. मग कॉम्प्युटरचा मास्क बिनधास्त २५५.२५५.२५५.० ठेवा.

धागाकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. प्रिंटर ३० वर नेला, बिल छापून आलं. गेस्ट नेटवर्कही चालू केलं, फोनला आता १९२.१६८.२ चा पत्ता मिळतोय. पण त्या फोनवरून १९२.१६८.१.३० ला पिंग अजून जातं?

म्हापश्याचा वायरमन:
दोन रेंजांच्या मध्ये राउटरच उभा आहे आणि तो सोडतोय. गेस्टच्या सेटिंगमध्ये पाहुण्यांना लोकल नेटवर्क वापरू देण्याची चौकट असते, तिच्यातली टिक काढा आणि पुन्हा पिंग करून इथे कळवा.