नरगुंद आणि रामदुर्ग : संस्थान एक की दोन?

मलप्रभाकाठ
आपल्या बेळगाव भागातल्या मराठी लेखांत ‘रामदुर्ग-नरगुंद संस्थान’ असं जोडनाव सर्रास दिसतं. इंग्रजांविरुद्धच्या १८५८च्या बंडाबद्दल लिहिताना तरी ते चूक आहे. भावे घराणं एक, पण संस्थानं दोन. बंड करणारे बाबासाहेब भावे नरगुंदचे. फाशी त्यांना झाली, जप्तही नरगुंदच झालं. रामदुर्ग मात्र १९४८च्या विलीनीकरणापर्यंत टिकलं. ज्याचा मुलूख गेला त्याचंच नाव बंडाला लावा.

वाडाचिरेबंदी
नाही पटत. टिपूनं वेढा घालून नरगुंद घेतलं आणि रामदुर्गही घेतलं, तेव्हा दोन्ही किल्ले एकाच घराकडे होते. नरगुंदचे व्यंकटराव भावे कैदेत गेले, ते सुटले १७९९ला, श्रीरंगपट्टण पडल्यावर. घर एकच म्हटल्यावर जोडनावात बिघडलं काय?

मलप्रभाकाठ
बिघडतं ते १७९९पासूनच की. सुटकेनंतर पेशव्यांनी व्यंकटरावांना नरगुंद आणि सव्वा लाखाचा मुलूख परत दिला. रामराव भाव्यांना रामदुर्ग किल्ला आणि फक्त २६ हजारांचा मुलूख. १८१०ला नवी वाटणी झाली ती व्यंकटराव आणि रामरावांचे चिरंजीव नारायणराव यांच्यात समसमान. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी दोन्ही शाखा तशाच चालू ठेवल्या. त्यामुळे कागद हातात आला की आधी साल बघायचं. १७९९च्या आधीच्या कागदावर जोडनाव एक वेळ चालेल, नंतरच्यावर नाही.

वाडाचिरेबंदी
वाटणीनं कारभार वेगळा होतो, रक्त नाही. १८५८ला रामदुर्गच्या गादीवर बाबासाहेबांचे सावत्र भाऊच होते. इंग्रजांनी बाबासाहेबांना दत्तक नाकारल्याचा डंख नरगुंदला बसला, तो रामदुर्गला परका कसा?

कागदपत्र
दोघांनीही जागेकडे दुर्लक्ष केलंय. इंग्रजांचा पोलिटिकल एजंट मॅन्सन याचा मुक्काम २९ मे १८५८च्या रात्री सुरेबानला होता. तिथंच तो बाबासाहेबांच्या माणसांकडून मारला गेला आणि त्याचं शिर नरगुंदला नेलं. आज सुरेबान रामदुर्ग तालुक्यात, म्हणजे बेळगाव जिल्ह्यात. नरगुंद गदग जिल्ह्यात. वाचणारा नकाशा उघडतो, सुरेबान रामदुर्गात दिसतं आणि बंडही रामदुर्गचंच समजून बसतो. त्यात बाबासाहेबांची १२ जूनची फाशी बेळगावात झालेली, म्हणजे आणखी घोळ. गावाच्या नावापुढं ‘आजचा तालुका’ असं लिहिलंत तर निम्मा गोंधळ तिथंच मिटेल.

मलप्रभाकाठ
हे मान्य. अजून एक. १९३९च्या एप्रिलमधला रामदुर्गचा प्रजेचा उठावही याच जोडनावाखाली घालतात. तेव्हा नरगुंद संस्थान उरलंच नव्हतं, ८० वर्षांपूर्वीच खालसा झालेलं. संस्थानी राजवटीविरुद्ध लोक उठले ते रामदुर्गात. त्यांचं श्रेयही त्यांच्याच गावाच्या नावानं द्यायला हवं.

वाडाचिरेबंदी
१९३९बद्दल माघार घेतो. घराण्याबद्दल मात्र नाही. ‘भावे घराण्याची नरगुंद आणि रामदुर्ग संस्थानं’ असं लिहू या, नातंही दिसेल.

मलप्रभाकाठ
चालेल. अनेकवचन ठेवा, मधली जोडरेघ काढा.