अनुभव धागा: विलायतेत पाय रोवताना क्रिकेटने काय दिले?

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला कामगारांची, परिचारिकांची आणि डॉक्टरांची निकड होती. १९४८ साली ‘एम्पायर विंडरश’ जहाजातून कॅरिबियन बेटांवरची माणसे आली आणि पुढे भारत-पाकिस्तानातूनही ओघ सुरू झाला. २९ जून १९५० रोजी वेस्ट इंडीजने लॉर्ड्सवर इंग्लंडला त्यांच्या देशात प्रथमच कसोटीत हरवले, तेव्हा हे नवे लंडनकर गात-नाचत मैदानात उतरले. भाड्याची खोली मिळतानाही ज्यांना रंगावरून नकार ऐकावा लागे, त्यांना त्या दिवशी ताठ मानेने चालता आले. आपल्या घरांतही क्रिकेटने असेच काही केले असेल, तर ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

लँकेशायर

बाबा साठच्या दशकात पुण्याहून इथल्या एका गिरणगावाच्या रुग्णालयात कनिष्ठ डॉक्टर म्हणून रुजू झाले. वॉर्डातल्या म्हाताऱ्या विणकरांना भारताची माहिती बेताचीच होती, पण विनू मंकड त्यांना नीट ठाऊक होते, कारण इथल्या लीगमधला प्रत्येक क्लब एक व्यावसायिक खेळाडू पगारावर ठेवत असे. मंकड हॅस्लिंग्डनकडून, सुभाष गुप्ते रिश्टनकडून, तर वेस्ट इंडीजचे एव्हर्टन वीक्स बेकपकडून खेळले होते. गुप्त्यांच्या गुगलीने आपला मेहुणा कसा बाद झाला, हे सांगितल्याशिवाय एक रुग्ण बाबांना नाडीसुद्धा पाहू देत नसे. पुढे त्याच गृहस्थाने बाबांना क्लबात नेले आणि आमच्या घराला पहिली ओळखीची माणसे मिळाली. आमच्या आधी येऊन गेलेल्या या खेळाडूंचे ऋण आमच्या पिढीने मोठ्याने सांगायला हवे, असे मला मनापासून वाटते.

लेस्टर

आमच्याकडे खेळत वडील, पण क्रिकेटने खरे बदलले ते आईला. कारखान्याच्या संघाला स्कोअरर मिळेना, म्हणून तिला बसवले. दोन्ही संघांचे स्कोअरर एकाच टेबलाशी बसतात, पंचांनी खूण केली की हात वर करून पोच देतात आणि षटक संपले की धावांचा मेळ घालतात. त्यामुळे संकोची आईला दर षटकाला शेजारच्या इंग्रज बाईंशी बोलावेच लागे. लेग बाय कुठे मांडायचा, निर्धाव षटकाच्या सहा टिंबांचा ‘एम’ कसा जोडायचा, हे तिने त्यांच्याकडून शिकून घेतले. चहाच्या वेळी काकडीच्या सँडविचांशेजारी तिचे बटाटेवडे दिसू लागले. इंग्रजीच्या वर्गाला जायला ती कधी धजावली नव्हती. ती भाषा तिला त्या टेबलाने दिली.

लंडन

२४ ऑगस्ट १९७१, गणेश चतुर्थी. आदल्या दिवशी फिरकीपटू चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १०१ धावांत गुंडाळले होते आणि ओव्हलवर भारताला जिंकायला १७३ धावा हव्या होत्या. वडिलांनी सुटी काढली होती. भारतीय प्रेक्षकांनी चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण मैदानात आणली होती. ती दिसताच अनोळखी माणसे एकमेकांना ‘मोरया’ म्हणू लागली, असे ते सांगत. वाडेकर सकाळीच धावबाद झाले, तरी चार गडी राखून सामना जिंकला आणि इंग्लंडमधला पहिला कसोटी विजय मिळाला. त्या गर्दीत भेटलेली दोन मराठी कुटुंबे आमची इथली सख्खी माणसे झाली. माझ्या मुंजीत मामा म्हणून उभे राहिले तेही त्यांतलेच.

ब्रॅडफर्ड

माझा अनुभव इतका गोड नाही. गिरणीत पाळ्या करणाऱ्या आमच्या मीरपुरी (पाकव्याप्त काश्मीरमधल्या मीरपूरच्या) शेजाऱ्यांना शनिवारी क्लबात खेळणे जमत नसे आणि जमले तरी सामन्यानंतरच्या बारमध्ये ते अवघडून बसत. म्हणून त्यांनी रविवारची स्वतःची लीग उभारली. आमच्या यॉर्कशायर काउंटीच्या क्रिकेट संघात कित्येक दशके तिथे जन्मलेल्यांनाच प्रवेश होता. बाहेरच्या देशातला त्यांचा पहिला खेळाडू १९९२ साली आला, तो आपला सचिन. आम्हाला अभिमान वाटला, पण मला राग अधिक आला, कारण त्याच मातीत जन्मलेली माझ्या वर्गातली गुणी मुले काउंटीच्या दारापर्यंतही पोहोचली नव्हती.

बर्मिंगहॅम

१९९० साली हुजूर पक्षाचे नेते नॉर्मन टेबिट यांनी स्थलांतरितांची निष्ठा ते कोणत्या संघाला पाठिंबा देतात यावरून तपासावी, असे सुचवले आणि आमच्या घरात चाळीस वर्षांचा कर भरणारे आजोबा प्रथमच चिडलेले मी पाहिले. त्याच उन्हाळ्यात भारत लॉर्ड्सवर खेळत होता. इंग्लंडच्या गूचच्या ३३३ धावांना आजोबांनी दूरचित्रवाणीसमोर उभे राहून टाळ्या वाजवल्या. फॉलोऑन टाळायला २४ धावा हव्या असताना कपिलने हेमिंग्जला लागोपाठ चार षटकार मारले, तेव्हाही ते तसेच उभे राहिले आणि मग आजीला म्हणाले, “आता विचारू दे कुणाला काय विचारायचंय ते.”